शिडीवाल्याला वाट द्या

आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर माझा शिडीवाला पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा मला ओळखूच आला नाही. फुगला होता. माझ्या लहानपणी गेमच्या मशीनमध्ये होता तो किडकिडीत, निळ्या कपड्यांतला, वाऱ्यानं उडेल असा. हा म्हणजे लग्नाची पंगत उठवून आलेला कोणीतरी. मी बटण दाबलं. त्यानं उडी मारली, पण लगेच नाही, जरा विचार करून. तोवर वरून आलेला टायर त्याच्या अंगावरून गेला होता.

"अरे मेल्या!" मी ओरडले.

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "कोन मेला गो?"

जुन्या गेमांचा तो डबा माझ्या लेकीनं पुण्याहून पाठवला होता. वितभर डबा, त्याला वायरीनं जोडलेली दोन हातात धरायची खेळणी. बरोबर एक मेसेज. आई, तुझा टपरीवरचा गेम यात आहे, दुपारी खेळत जा, नाहीतर वेडी होशील. पोरगी आईला ओळखून होती. मी वेडी व्हायच्या बेतातच होते.

झालं असं होतं, की संक्रांत उलटली आणि सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन होऊन सळई बसली. डॉक्टर म्हणाले, हाड झकास बसलंय, आता यांना उठवा, चालवा, नाहीतर आयुष्यभर पलंगावर राहतील. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पलंग धरला तो धरलाच. फिजिओवाली मुलगी यायची, "आजी, उठायचं ना?" म्हणायची. आजी तिला म्हणायच्या, "उद्या." नव्याकोऱ्या वॉकरवर त्यांचा टॉवेल वाळत पडलेला असायचा. दुखत होतं म्हणावं तर तसं फारसं नव्हतं. भीती होती. एकदा पाय सटकला, आता जमिनीवरच विश्वास नाही.

आणि त्या पलंगावर म्हणजे मी घरात. नवरा तळोज्याच्या कंपनीत शिफ्टला, नणंद नावड्याला, तिला तिच्या घरचे दोन म्हातारे. उरले कोण? मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी बनवायचं काम करते. म्हणजे कुठल्या ट्रकमध्ये कोणाचा माल, कुठं जाणार, त्याची पावती. त्या दिवसांत मात्र 'करते' म्हणावं की 'करायचे' म्हणावं, हेच कळत नव्हतं. माझ्या खुर्चीत शेठची भाची बसत होती. शेठनी सांगून ठेवलं होतं, "मॅडम, एप्रिल संपेपर्यंत खुर्ची तुमची. पुढचं मला सांगता येत नाही."

खरं सांगू? पगारापेक्षा मला ड्रायव्हरांशी भांडायची आठवण यायची. सकाळी चपला घालून जिना उतरायची आठवण यायची. घरात मी भांडून भांडून कोणाशी भांडणार? बाल्कनीची ग्रिल धरून नुसती उभी राहायचे. समोरच्या सोसायटीतल्या बाई खाली भाजीला निघाल्या तरी मला त्यांचा राग यायचा. काय रुबाब, भाजीला चालल्यात!

तर तो गेम.

माझे वडील साताऱ्याकडून आलेले. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या कडेला त्यांची चहाची टपरी होती. माल उतरेपर्यंत ट्रकवाले तिथं पडीक असायचे, त्यांचा वेळ जावा म्हणून कोणीतरी टपरीत एक गेमचं मशीन आणून ठेवलं. कपाटाएवढं. दुपारी ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत झोपले की ते मशीन माझं. अर्धवट बांधलेली एक इमारत, लोखंडी तुळया, त्यांच्यामध्ये शिड्या. वरून गोल काहीतरी गडगडत यायचं, त्याला आमच्याकडं सगळे टायरच म्हणायचे. टायर चुकवत, शिड्या चढत त्या माणसानं अगदी वरच्या दारापर्यंत पोचायचं. दार उघडलं की पुढचा मजला. मशीनवर इंग्रजीत भलतंच काहीतरी नाव होतं, आम्ही त्याला शिडीवाला म्हणायचो.

त्या मशीनच्या दांडीची मूठ तुटली, तेव्हा एका ड्रायव्हरनं जुन्या ट्रकच्या गिअरची मूठ तिथं बसवून दिली होती. पारदर्शक, आत प्लास्टिकचा गुलाब. ती मूठ माझ्या तळव्यात अशी काही बसायची की मला बघावंही लागायचं नाही. शिडीखाली आलं की मूठ पुढं लोटायची, बस्स, गडी चढायला लागलाच. मी त्या टपरीची चॅम्पियन होते. मोठमोठे मिशीवाले माझ्यामागं उभे राहून बघायचे.

आता या नव्या खेळण्यावर मूठ नाही. अधिकच्या खुणेसारखं एक चपटं बटण, त्यावर अंगठा ठेवायचा. अंगठा जरासा तिरका पडला की गडी शिडीसमोर मख्खासारखा उभा. चढ म्हटलं तर चढत नाही. त्यात तो उशिरानं उडी मारायचा. पहिल्या दिवशी मी पहिला मजलासुद्धा पार केला नाही. चॅम्पियन! अंगठा दुखला तो वेगळाच. लेकीला फोन करून म्हटलं, "तुझा डबा परत पाठवते, हा माझा शिडीवाला नाहीच."

एक गोष्ट मात्र चांगली होती. टपरीवरच्या मशीनला थांबवायची सोय नव्हती, याला होती. मी शिडीच्या मध्यावर असले आणि आतून "गो, पानी दे" आलं, की बटण दाबायचं, गडी तिथंच लटकायचा. मग पाणी, मग पाठीला तेल, मग बेडपॅन, मग चादर सरळ करणं. परत येऊन बघते तर तो बिचारा तसाच, एक पाय वर, एक पाय खाली, डोक्यावर टायर हवेत टांगलेला. त्याच्याकडे बघून मला भडभडून यायचं. तुझं नि माझं सारखंच रे बाबा, मी म्हणायचे.

आमचं घर वन बीएचके. बेडरूममधून हॉलमध्ये यायला एक बोळ, बोळात बाथरूमचं दार आणि समोरच्या भिंतीला माझ्या लग्नातलं कपाट. त्यामुळे एका वेळी एकच माणूस जाईल एवढी जागा. सासूबाईंच्या पलंगावरून त्या बोळातून टीव्हीची डावी कड दिसायची. त्या कडेतून त्यांनी माझा खेळ बघायला सुरुवात केली आणि मला कळलंसुद्धा नाही. एका दुपारी गडी टायरखाली आला आणि आतून जोरात आवाज आला.

"त्याची काय चूक हाय? तो टायरवाला बाजूला नाय व्हत?"

"आई, टायर बाजूला होत नसतात. आपण चुकवायचं."

"असं कसं? यो वर चढतंय ना? मग वरून येनाऱ्यानं वाट द्याची!"

मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी चाललंय. पण त्या हट्टालाच पेटल्या. मग मी पलंगाशी जाऊन बसले आणि त्यांनी मला समजावलं, जसं काही मीच खुळी.

सासूबाईंचं माहेर खाडीकाठचं. लग्नाआधी त्या मिठागरावर कामाला होत्या. मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाया मचव्यावर, म्हणजे माल न्यायच्या होडीवर, चढायच्या. काठापासून मचव्यापर्यंत एक लांब फळी, खाली गुडघाभर चिखल. त्याच फळीवरून भरलेल्या बाया वर जायच्या आणि रिकाम्या झालेल्या खाली यायच्या. समोरासमोर आल्या तर? "भरलेलीला वाट द्याची. रिकामीनं चिखलात उतराचं," सासूबाई म्हणाल्या. त्यात वाद नाही, लहानमोठं नाही. मुकादमाची बायको रिकामी असली तरी तिनं चिखलात उडी मारायची. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला फळीवर थांबवणं म्हणजे पाप.

"पण आई, शिडीवाल्याच्या डोक्यावर कुठं पाटी आहे?"

"चढतंय म्हंजे कायतरी घेऊनच चढत असंल. उगाच कोन चढतंय?"

मी हसले, खूप दिवसांनी हसले. पण त्या हसल्या नाहीत. त्या दिवसापासून शिडीवाला त्यांच्या पक्षातला झाला आणि टायर दुष्मन. टायर आला की आतून शिव्या सुरू. "उतर गो चिखलात, उतर! भवाने, डोले फुटले काय?" टायर त्यांच्या लेखी बाया होत्या, रिकाम्या आणि माजलेल्या. मला त्या सल्लाही द्यायच्या, तोही मिठागरातला. फळीवर थांबायचं नाही, थांबलीस की फळी हलते, न थांबता चाल. मी एकदा त्यांचं ऐकून न थांबता चालवलं, तर गडी थेट दोन टायरांच्या मध्ये. "बघा आता!" मी म्हटलं. "त्यांना वलनच नाय, त्याला मी काय करू?" त्या म्हणाल्या. म्हणजे वळण नसलेले टायर.

एका रविवारी लेकीनं व्हिडिओ कॉलवर टीव्हीची सेटिंग बदलायला सांगितली. हे दाब, ते दाब, गेमसाठी वेगळा मोड असतो तो लाव. लावला, आणि काय सांगू! मी बटण दाबलं आणि त्याच क्षणाला गडी उडाला. तो विचार करणं बंद. मग तिनं चित्राचा आकार बदलायला लावला. मशीनचा पडदा उभा असायचा, आपला टीव्ही आडवा, म्हणून बिचारा ताणला गेला होता. आकार बदलला तशा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधोमध माझा शिडीवाला उभा राहिला. किडकिडीत. निळा. टपरीवरचा. मला चक्क रडू आलं. चहा आणि डिझेलचा वास येईल असं वाटलं. अंगठासुद्धा एव्हाना सरावला होता, गिअरच्या मुठीची सर नाही तरी गडी आता माझं ऐकत होता. मी पहिला मजला एका दमात पार केला.

आतून आवाज, "गो, टीवी बंद पडला काय? काला दिसतंय."

त्यांना त्यांच्या पलंगावरून जी कड दिसायची, तिथं आता नुसती काळी पट्टी होती. खेळ सरकून मध्ये गेला होता, बोळातून दिसणार नाही असा.

"बंद नाही पडला. आता चित्र मध्ये आलंय."

"मग परत व्हतं तसं कर."

आता इथं मी काय केलं ते सांगते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. मी म्हटलं, "नाही करणार." सकाळपासून मी त्यांचंच करत होते. त्यांची कूस वळवणं, त्यांचा भात, त्यांची औषधं. दिवसातला तेवढा अर्धा तास माझा होता आणि त्यात मला माझा शिडीवाला हवा होता, जसा होता तसा. जाड्या नको होता. "बघायचं असेल तर या बाहेर," मी म्हटलं, "वॉकर तिथंच आहे."

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. संध्याकाळी जेवल्याही नाहीत. नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर दोघींनीही काही सांगितलं नाही. काय सांगणार? टायरवरून भांडलो?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खेळत होते. बोळातून टक असा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. मी मान वळवली नाही, पण गडी दोनदा पडला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, वॉकर, वॉकरवर तोच टॉवेल, आणि टॉवेलामागं सासूबाई, कपाळावर घाम. बोळाच्या तोंडाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतेस? टायर आला."

फिजिओवाल्या मुलीनं तर उड्याच मारल्या. मलाही वाटलं, सुटले! कसली सुटतेय. दुपारी गेमसाठी त्या येणार, मी मागं खुर्ची सरकवायची, त्या बसणार. पण बाथरूमला जायचं नाव काढलं की पुन्हा तेच. तिथं त्या पडल्या होत्या. मी हात धरल्याशिवाय उंबरठा ओलांडायच्या नाहीत आणि आतून कडी लावणं तर दूरच. मी दाराशी उभी हवी. म्हणजे मी घरात हवी. एप्रिल संपत आला होता.

तेवढ्यात शेठचा फोन आला. सोमवारी येताय का, स्पष्ट सांगा, भाची कायमची बसायला तयार आहे. मी हॉलमध्येच बोलत होते. "बघते, कळवते," एवढंच म्हटलं. सासूबाई खुर्चीत बसून टीव्हीकडे बघत होत्या. थांबवलेला शिडीवाला शिडीवर लटकत होता.

मी फोन ठेवला आणि खेळायला लागले, रागानं. त्या रागात काय हात चालला माझा! पहिला मजला, मग दुसरा. दुसरा सरकत्या पट्ट्यांचा असायला हवा होता, तो या डब्यातल्या गेममध्ये नाहीच. लेक म्हणाली होती, घरी टीव्हीला लावायच्या गेममध्ये तेव्हा जागा कमी पडायची म्हणून एक मजला कापलाय. म्हणजे इथंही बिल्डर भेटलाच! पट्ट्यांऐवजी थेट लिफ्टांचा मजला आला, तोही पार. मग शेवटचा. सासूबाई खुर्चीच्या दांड्या धरून पुढं झुकल्या होत्या. "जा, जा, जा." गडी दाराशी पोचला, दार उघडलं, वाजंत्री वाजली. सासूबाईंनी टाळ्या पिटल्या.

आणि पडद्यावर पुन्हा पहिला मजला. तोच, तसाच. शिडीवाला तळाशी, टायर आता जरा जास्त जोरात.

"परत खालीच?" सासूबाई म्हणाल्या.

"हो. असंच असतं. वर पोचलं की पुन्हा खालून."

"मग बाहेर कवा पडतो?"

"नाही पडत, आई. कधीच नाही पडत." मी खेळणं टेबलावर आपटलं आणि जे इतके दिवस तोंडात धरून ठेवलं होतं ते बाहेर पडलं. "मला बाहेर जायचंय. मला कामावर जायचंय. मी इथं मरेन नाहीतर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. उठल्या, वॉकर घेतला आणि टक टक करत आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोललेलं परत घ्यावं असं मात्र वाटलं नाही.

वॉशिंग मशीन बिघडलेलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये हातानं कपडे धुतले. चादरी होत्या. बादली शिगोशिग भरली, दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरली आणि बेडरूमच्या बाल्कनीकडे जायला बोळात आले, तर समोर सासूबाई. एकट्या. वॉकर पुढं, बाथरूमच्या दिशेनं. मी त्यांना उठवलं नव्हतं, त्यांनी मला हाक मारली नव्हती. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये आम्ही दोघी समोरासमोर.

मी मागं सरकायला लागले. चादरींचं पाणी पायांवर गळत होतं.

"थांब," त्या म्हणाल्या. "माघारी नको जाऊ."

"आई, तुम्ही या आधी, मी..."

"गप. तू भरलेली हाईस."

आणि त्यांनी वॉकर मिटला. फिजिओवालीनं शिकवला होता तसा, खटका दाबून, पण कधी मिटला नव्हता. तो त्यांनी कपाटाला टेकवला. मग भिंतीला पाठ लावली, पोट आत ओढलं, पदर गोळा करून घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या, कशालाही न धरता. पाय लटपटत होते, मला दिसत होते. तोंड मात्र असं, की मुकादम समोर असता तरी तिथून हलल्या नसत्या.

"जा ना. वजन घेऊन कोन उभं राहतंय?"

मी गेले. बादली त्यांच्या लुगड्याला घासली, पाणी त्यांच्या पावलांवर सांडलं. ओल्या फरशीवर त्यांचे पाय. पण थांबले नाही. बोळ संपला तेव्हा मागं वॉकर उघडल्याचा आवाज आला, मग टक, मग टक, मग बाथरूमचं दार लोटल्याचा.

मग आतून कडी लागली.

मी बाल्कनीच्या दारात बादली पोटाशी धरून तशीच उभी. जीव कानांत आणून ऐकत होते, पडल्या तर नाहीत, हाक तर मारत नाहीत. नळ सुरू झाला. नळ बंद झाला.

"अजून हायस काय तिथंच?" आतून आवाज आला, नेहमीसारखा खडा. "बादली ठेव नि त्या शेठला फोन लाव. सोमवारचं सांग त्याला."

मी बादली खाली ठेवली. हात पुसायलाही थांबले नाही, ओल्या हातानंच फोन लावला.